एनसी म्हणजे लिहून ठेवलं

“ए, ऊठ. मागं बस.”

आई जीपच्या मधल्या सीटवर बसली होती. मी तिच्या मांडीवर. तेरहून धाराशिवला जाणारी काळीपिवळी. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. माझा कान ठणकत होता, कानात कापसाचा बोळा होता, आणि आई मला सरकारी दवाखान्यात घेऊन निघाली होती. कापूस होता तरी ऐकू आलं.

दारात उभा होता तो आमच्याच गावचा. सरपंचाचा पुतण्या. पंचविशीतला, गळ्यात सोन्याची साखळी. आई त्यांच्या शेतात खुरपायला जायची. तिला तो ओळखत होता. म्हणूनच उठवत होता.

“म्या आधी बसलेय,” आई म्हणाली. “भाडं सारखंच हाय.”

ड्रायव्हर मागं न बघता बोलला, “मावशी, कशाला नादी लागतीस? मागं जागा हाय की.”

मागं म्हणजे मागच्या दोन आडव्या फळ्या. आमच्या वस्तीची माणसं तिथं बसत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. सगळ्यांना पाठ होता.

आई उठली नाही.

त्यानं तिचा हात धरून ओढला. बांगड्या फुटल्या. मी आधी खाली पडले, मग आई. त्यानं तिच्या तोंडात मारली. दोनदा. आणि आमच्या जातीचं नाव घेतलं, शिवी म्हणून. बाकीची माणसं बाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ज्वारीचं रान होतं. तो आईच्या जागेवर बसला, ड्रायव्हरनं गिअर टाकला, जीप गेली.

वडील तेव्हा ऊसतोडीला गेले होते. आईनं कुणाला विचारलं नाही. माझा हात धरून ती पोलीस ठाण्याकडं चालू लागली. दवाखाना राहिला. तो कान आजही कमी ऐकतो.

ठाण्याचं नाव देत नाही. कोणतंही घाला, फार फरक पडणार नाही. टेबलामागं ठाणे अंमलदार होते. तक्रार आली की आधी त्यांच्यासमोर जायचं. बाकड्यावर जागा होती. त्यांनी आम्हाला फरशीकडं बोट दाखवलं.

“कोण तुम्ही?”

“बौद्ध.”

“ते झालं. आधी कोण?”

“बौद्धच,” आई म्हणाली.

ते शेजारच्या शिपायाकडं बघून हसले. मग आईच्या तोंडाकडं निरखून बघितलं, जनावराचे दात बघतात तसं. “रक्त न्हाय. हाड मोडलेलं न्हाय. एनसी होईल.”

“एनसी म्हंजे?”

“म्हंजे लिहून ठेवलं.”

आईचं समाधान झालं. शाळेत न गेलेल्या बाईला लिहून ठेवण्याचा फार भरवसा असतो. गावात शिरताना ती भेटेल त्याला सांगत होती, “लिहून घेतलं सायबानं.” मला वाटतं, त्या दिवशी ती जिंकल्यासारखी चालत होती.

एनसी म्हणजे अदखलपात्र. पोलीस नोंद करतात, पण तपास करायला बांधील नसतात. जातीवरून केलेली मारहाण अदखलपात्र नसते. ते आईला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आमच्या घरी आले. सरपंचाच्या पुतण्यानं फिर्याद दिली होती. जीपमध्ये झटापट करून आईनं त्याच्या गळ्यातली साखळी ओढून नेली. जबरी चोरी. ही दखलपात्र. हिचा गुन्हा लगेच दाखल झाला. पोलिसांनी आमच्या पिठाच्या डब्यात हात घातला. चुलीतली राख उकरली. साखळी मिळाली नाही. मिळणार नव्हतीच. तरी आईला अटक करून नेलं. पुढं त्याच्या लग्नाच्या वरातीत मी ती साखळी पाहिली. घोड्यावर बसला होता, आणि ती त्याच्या गळ्यात होती.

खटला मी दहावी होईपर्यंत चालला. तारखेला जाताना आई भाकरी बांधून घ्यायची. जीपनं ती पुन्हा कधी गेली नाही. एसटीची वाट बघायची. शेवटी खटल्यातून सुटली. पुराव्याअभावी. तिनं चोरी केली नाही, असं कोर्टातही कुणी म्हणालं नाही.

पुढं मी पत्रकार झाले. धाराशिवच्या एका दैनिकाच्या कार्यालयात माझ्याकडं पोलीस आणि कोर्टाच्या बातम्या आल्या. तेव्हा मला देशाचा गुन्हे अहवाल वाचायला शिकावं लागलं. दरवर्षी येतो. राज्यं, शहरं, जिल्हे. खून इतके, चोऱ्या इतक्या, स्त्रियांवरचे अत्याचार इतके, अनुसूचित जातींवरचे इतके. गेल्या वर्षीपेक्षा किती वर, किती खाली. त्यात दाखल झालेले दखलपात्र गुन्हे धरतात. एनसी धरत नाहीत.

म्हणजे त्या वर्षीच्या अहवालात आमची जीप आहे. जबरी चोरीच्या रकान्यात. अटक झालेल्या स्त्रियांच्या संख्येत माझी आई आहे. तिच्या तोंडात मारलेल्या दोन चापट्या देशात कुठंही नाहीत.

हे कळलं त्या दिवशीही मी बातमी केली. काम होतं.

आमच्या धंद्यात या अहवालासाठी दोन शब्द ठरलेले आहेत. आकडा वाढला की ‘चिंताजनक’. घटला की ‘दिलासादायक’. एवढ्यावर दहा वर्षं निघतात.

यंदा अनुसूचित जातींवरच्या अत्याचारांचा आमच्या जिल्ह्याचा आकडा खाली आला. कार्यालयप्रमुखांनी मला टेबलाशी बोलावलं. माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी रजेबद्दल एक शब्द काढला नव्हता.

“ताई, पहिल्या पानाला घ्या. दिलासादायक. आपल्या जिल्ह्याचं नाव एकदा तरी चांगल्या कारणानं येऊ द्या.”

“सर, घटले म्हणजे दाखल कमी झाले. घडले कमी असं नाही.”

शेजारच्या टेबलावरचा उपसंपादक हसला. “घ्या. वाढले तरी रडणार, घटले तरी रडणार.”

“बाकी कुठं राहिलंय आता जातीपातीचं,” सर म्हणाले. “परंड्याच्या वार्ताहराला विचारलं, तिकडंही शांतता आहे. आणि हे बघा, तुमच्या नावानं लावू. तुमचं आडनाव बातमीवर असलं की कुणी बोट दाखवू शकत नाही.”

ते हे कौतुकानं म्हणाले. इतकी वर्षं त्या कार्यालयात माझं आडनाव अडचणीचं होतं. दलित वस्तीचा मोर्चा असला की मला पाठवायचे नाहीत, ‘बॅलन्स जाईल’ म्हणून. आज त्याच आडनावाचा उपयोग निघाला होता. आमची माणसं मार खात नाहीत, असं आमच्याच माणसाच्या सहीनं छापायचं होतं.

मी जागेवर येऊन बसले. मशीन उघडलं. मथळ्यापुढं कर्सर लुकलुकत होता. तेवढ्यात आईचा फोन आला.

“रंजीला मारलंय. ठाण्यात बसलीय सकाळधरनं. तू जा.”

रंजना माझ्या मामेभावाची बायको. मामाचं गाव दुसऱ्या तालुक्यात. मी बॅग उचलली आणि एसटी धरली.

रंजना ठाण्याच्या पायरीवर बसली होती. उजव्या हाताचं मनगट सुजून काळंनिळं झालेलं. सोयाबीनची काढणी चालू होती. मालकानं बायांसाठी गार पाण्याचा जार आणला होता. आमच्या बायांनी ओंजळ धरायची, दुसऱ्या कुणीतरी वरून पाणी सोडायचं. रंजनाची बाटली रिकामी झाली होती. तिनं जारची तोटी स्वतःच्या हातानं उघडली. मालकाच्या भावानं विळ्याच्या मुठीनं त्या हातावर मारलं. जार लाथेनं उलटा केला. शिवी तीच. इतक्या वर्षांत नवीन शिवीसुद्धा सुचली नाही.

मामेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, मालकाकडची मिटवा म्हणत्यात. न्हायतर मोबाईल चोरीला गेला म्हणून केस टाकतो म्हणत्यात हिच्यावर. त्यांचा माणूस निघालाय घरनं.”

साखळीच्या जागी मोबाईल. बाकी सगळं तेच.

त्या पायरीवर मला राग आला नाही. थकवा आला. आपण आयुष्यभर चाललो आणि पोचलो ते त्याच फरशीवर, असा. पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. मोबाईलचा गुन्हा आधी दाखल झाला, की रंजना आरोपी. मग पुढं ती काहीही म्हणाली तरी ते चोराचं म्हणणं. तिची फिर्याद आधी घेतली गेली पाहिजे. आज. एनसी नाही, गुन्हा.

ठाणे अंमलदार तरुण होते. सभ्य. माझं ओळखपत्र बघून उठले. “मॅडम, तुम्ही आत बसा, चहा सांगतो. त्यांना बसू द्या बाहेर.”

“त्यांनाच आत बसायचंय,” मी म्हणाले. रंजनाला आणलं आणि त्यांच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर बसवलं. शेजारी मी बसले.

“एनसी लगेच घेतो,” ते म्हणाले.

रंजनानं माझ्याकडं बघितलं. “एनसी म्हंजे लिहून घेत्यात न्हवं का, ताई?”

तिच्या तोंडावर तेच समाधान होतं. मला तिच्याकडं बघवलं नाही.

“नाही,” मी म्हणाले. “तसलं लिहून नको.”

अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, अ‍ॅट्रॉसिटीला डीवायएसपी साहेब लागतात. ते बंदोबस्ताला गेलेत. उद्या या.”

“ते तपासाला लागतात. गुन्हा दाखल करायला नाही.”

त्यांनी दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणला. खरं बोलायला लागले की माणसं आवाज खाली आणतात. “तुमच्यापासून काय लपवायचं. महिन्याची क्राईम मीटिंग आहे. कुठल्या ठाण्याचा आकडा वाढला ते वाचून दाखवतात. वाढला त्याला सगळ्यांसमोर उभं करतात. आमच्या ठाण्याचे साहेब मागच्याच वेळी उभे राहिलेत.”

म्हणजे हे असं होतं. एक बाई मार खाऊन ठाण्यात येते. एक साहेब वरिष्ठांपुढं उभं राहायला घाबरतो. ती मागं फिरते. महिन्यानं आकडा घटतो, वर्षानं देशाच्या अहवालात जातो, आणि माझ्या टेबलावर ‘दिलासादायक’ होऊन येतो. खालपासून वरपर्यंत कुणीच खोटं लिहीत नाही. फक्त बाईला उठवतात.

“मॅडम, आज उठा. माझं ऐका.”

मी उठले नाही. फार काही ठरवून नाही. पाय दुखत होते, आणि उठून जायला जागा उरली नव्हती. “दाखल करा, मग उठते,” एवढंच म्हणाले. रंजनानं माझ्या पदराची कड हातात धरून ठेवली होती.

सरांचा फोन आला. “ताई, कॉपी कुठंय?”

“माझ्या नावानं जाणार नाही.”

“मग मीच लिहितो, नाव न घालता लावतो.”

“लावा.”

तो फोन अंमलदारांनी ऐकला असावा; ही उठणार नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी साहेबांच्या केबिनच्या दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेनंतर येऊन खुर्चीत बसले, बोटं मोडली आणि रंजनाला म्हणाले, “सांगा. सुरुवातीपासून.”

तिनं सांगितलं. जार, तोटी, मूठ, शिवी. शिवीपाशी ती अडखळली.

“तो शब्द जसाच्या तसा सांगावा लागंल, बाई,” अंमलदार म्हणाले.

तिनं मान वर करून सांगितला. त्यांनी खाली बघून टाईप केला.

दिवेलागणीला फिर्यादीची प्रत तिच्या हातात आली. देताना अंमलदार मला म्हणाले, “वाढवलात एक.”

“घडला होता सकाळीच,” मी म्हणाले.

बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. पहिलं पान. ‘दिलासादायक’. नाव नव्हतं. त्याच दिवशी मोबाईल चोरीचा गुन्हाही दाखल झाला. पण रंजनानंतर. तारीख आणि वेळ फिर्यादीच्या प्रतीवर छापलेली असते, ती कुणाला बदलता येत नाही. मालकाचा भाऊ आठवडाभरानं जामिनावर सुटला. त्या शिवारात रंजनाला आता कुणी कामाला बोलवत नाही. मामेभाऊ माझ्याशी तुटक बोलतो. म्हणाला, “ताई, तुमी बसून गेलाव. राहायचं आमाला हाय.”

त्याचं खरं आहे.

आईनं फोनवर एवढंच विचारलं, “उठीवलं का तुला?”

“उठवत होते.”

“मग?”

“बसले.”

ती म्हणाली, “मला जीपमधनं वढून काढलं. म्या उठले नव्हते.”

“माहीत आहे, आई. मी होते तिथं.”

कार्यालयात माझ्याकडून पोलीस आणि कोर्ट काढून घेतलं. आता मी बाजारभाव बघते. सोयाबीन, तूर, हरभरा. आवक किती, दर काय. काम दुपारी संपतं.

दुपारनंतर मी मोकळी असते. कुठल्याही तालुक्याच्या ठाण्यात बाई बसली असेल तर मला फोन येतो, मी एसटी धरते, आणि तिच्या शेजारी जाऊन बसते. पुढच्या वर्षी अहवाल येईल. आमच्या जिल्ह्याचा आकडा वाढलेला असेल. कुणीतरी त्यावर ‘चिंताजनक’ लिहील. लिहू दे. तो आकडा मी वाढवणार आहे.