एकोडीच्या पिचरचा उजवा हात

रोशनीने दोन बोटं खाली केली. शीतलने मान हलवली. नाही.

रोशनीने पुन्हा तीच दोन बोटं दाखवली. शीतलने पुन्हा मान हलवली आणि सरळ, वेगाचा बॉल टाकला. नागपूरच्या मुलीने तो शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून काढला. आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉलची फायनल, पाचवी इनिंग, आम्ही तीन-एकने पुढे, आणि त्यांच्या दोन मुली बेसवर उभ्या.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅचर, म्हणजे आमची रोशनी, पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्या शीतलच्या समोर उकिडवी बसते आणि मांड्यांच्या आड बोटांनी खूण करते, आता कोणता बॉल टाकायचा. आमच्याकडे दोन बोटं म्हणजे ड्रॉप. हा बॉल बॅटपर्यंत सरळ येतो आणि ऐन वेळी खाली बसतो. तो टाकताना शेवटच्या क्षणी मनगट जोरात वळवावं लागतं. शीतल कापगतेचा ड्रॉप आमच्या विद्यापीठात कोणाला नीट मारता येत नव्हता. सेमीफायनल आम्ही त्याच्यावरच काढली होती. आणि फायनलमध्ये ती तोच टाकायला तयार नव्हती.

मी अंपायरकडे टाइम मागितला आणि आत गेले.

"काय झालं?"

"काई नाई मॅडम."

"ड्रॉप काहून टाकत नाहीस?"

"बॉल सटकून राहिला जी. घाम हाय हाताले."

मी बॉल हातात घेतला. कोरडा होता. मग रोशनीकडे पाहिलं. रोशनी अड्याळची. झोपेतही बोलते, असं हॉस्टेलच्या मुली म्हणतात. आत्ता ती बुटाच्या टोकाने माती उकरत होती.

"तुले काही सांगायचं आहे?"

"नाई मॅडम."

अंपायरने घड्याळ दाखवलं. मी बाहेर आले. पुढच्या मुलीने बॉल उंच मारला. आमची सेंटर फील्डर पाठमोरी धावत गेली आणि तिने तो धरला. तिसरी आउट, इनिंग संपली. पाहुण्यांच्या मांडवात टाळ्या पडल्या. मी शीतलचा हात पाहत होते. टाळी द्यायला मुली पुढे आल्या तेव्हा तिने डावा हात पुढे केला.

आमचा डगआउट म्हणजे कडुनिंबाखाली टाकलेले दोन बाक. सहाव्या इनिंगमध्ये आधी आमची बॅटिंग होती, म्हणजे मला थोडा वेळ होता. मी बादलीतला नॅपकिन काढला आणि शीतलच्या हातात दिला.

"पिळ."

"काय?"

"नॅपकिन पिळ. पाणी काढ त्याचं."

तिने उजव्या हातात नॅपकिन नुसता दाबून धरला आणि पीळ सगळा डाव्या हाताने दिला. पिचरच्या हाताची ही सगळ्यात सोपी तपासणी आहे. नॅपकिन पिळताना जे वळतं तेच ड्रॉप टाकताना वळतं. मग मी तिच्या करंगळीच्या बाजूच्या हाडावरून, कोपरापासून खाली, दोन बोटं दाबत आणली. मध्यावर आल्यावर ती बाकावरून अर्धी उठली. ओरडली नाही. फक्त ओठ पांढरे पडले.

"कधीपासून?"

शीतलने हात ओढून घेतला. रोशनी बोलली.

"आइतवारपासून मॅडम. धान कापाले गेली होती घरी."

"तू चूप बस ना वो!" शीतल म्हणाली.

"काहून चूप बसू? मॅडमले समजलंच ना आता."

इथे एकोडीची, म्हणजे शीतलच्या गावची, पद्धत सांगायला हवी. दिवाळीच्या सुमारास हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापायला येतो आणि सगळ्या गावाला एकाच वेळी माणसं हवी असतात. मजूर मिळत नाहीत. मग आठ-दहा घरं मिळून एकमेकांच्या बांधीत जातात. बांधी म्हणजे धानाचं शेत. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. प्रत्येक घरातून एक विळा आलाच पाहिजे. ज्या घराचा विळा आला नाही, त्या घराच्या बांधीत दुसऱ्या दिवशी कोणी जात नाही, आणि उभा धान पावसात सापडतो.

हे मला माहीत आहे. टीममधल्या निम्म्या मुली अशाच घरांतल्या आहेत. म्हणून माझा नियम साधा आहे. कापणीला जायचं असेल तर खुशाल जा, मी रजा देते. पण त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पिचिंग बंद. विळा ओढताना मनगट आणि हाताची हाडं जे काम करतात, तेच काम पिचिंगमध्ये पुन्हा करायचं नाही. शीतलने तो नियम मला न सांगता मोडला होता. तिची आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. घरचा विळा शीतलनेच न्यायचा होता. मला सांगितलं असतं तर मी तिला सोमवारच्या सेमीफायनलला बसवलं असतं. म्हणून पहाटे हॉस्टेलच्या मागे पिचिंग, दिवसभर धान, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण मॅच.

"मी तुला काढते आहे," मी म्हणाले. "प्राची टाकेल."

"मॅडम, नका ना. मी ड्रॉप टाकतच नाई. नुसता फास्ट टाकतो."

"फास्ट त्यांनी मारला आत्ता."

"सिलेक्शनवाले बसून हायेत जी तिथं." तिने मांडवाकडे पाहिलंही नाही. "आज नाई खेळली तर मले कोण घेईन?"

हे खरं होतं. मांडवात प्राचार्यांच्या शेजारी निवड समितीचे दोघे बसले होते. फायनल संपली की ते विद्यापीठाची टीम जाहीर करणार होते. विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र पोलिस भरतीत कामाला येतं, आणि शीतल दोन वर्षं तेवढ्यासाठीच धावत होती. खेळाच्या प्रेमासाठी खेळा, असं मी माझ्या मुलींना कधी सांगितलं नाही. ज्यांच्याकडे आणखी चार वाटा आहेत त्यांनी ते म्हणावं.

मी वीसेक वर्षं सॉफ्टबॉल शिकवते आहे. सुरुवातीला लोक विचारायचे, बॉल मऊ असतो का? मऊ नसतो. कानावर बसला की कळतं. बांधीवर गोफण फिरवून पाखरं हाकलणाऱ्या मुली मी शोधून आणल्या. त्यांचे खांदे तयारच होते. आमच्या टीमने बऱ्यापैकी कप आणले, त्यामुळे आता मला शिबिरांना बोलावतात आणि यशाचं रहस्य विचारतात. रहस्य वगैरे काही नाही. मी दोन पिचर तयार करते आणि दुखरा हात खेळवत नाही. दुसरी गोष्ट बोलायला सोपी आहे.

प्राची वरठीची. वडील स्टील प्लांटमध्ये, मुलगी शिस्तीची, पण पहिल्या वर्षाची. वेग चांगला, नेम कधी असतो, कधी नसतो. मी तिला वॉर्मअपला पाठवलं तेव्हा तिने विचारलं, "मी? आज?"

"आज."

प्राचार्य सर मांडवातून चालत आले. सर स्वभावाने भले आहेत, फक्त पाहुण्यांसमोर घाबरतात.

"मॅडम, हे काय चालू आहे? प्राची कशाला गरम होऊन राहिली?"

"शीतलचं हाड दुखावलं आहे सर."

"डॉक्टर बोलले का?"

"मी बोलते आहे."

"अहो, दोन इनिंग राहिल्या. दोन! बर्फ लावा, स्प्रे मारा. ते पाहुणे मला विचारून राहिले."

"त्यांना सांगा, कोचने काढली. माझं नाव सांगा."

"हरलो तर?"

"तरी माझंच सांगा."

सर गेले. आमची बॅटिंग रन न काढता संपली. प्राची सर्कलमध्ये गेली, म्हणजे पिचर उभी राहते त्या गोलात.

पहिले चार बॉल चारही बाहेर. बॅटर फुकट पहिल्या बेसवर. रोशनी उठून तिच्याकडे गेली, काहीतरी बोलली, प्राची हसली. नंतर कळलं, रोशनीने तिला सांगितलं होतं की समोरच्या पोरीची पँट उसवली आहे, तिकडे टाक. पुढचा बॉल नेमका पडला, स्ट्राइक. त्या इनिंगमध्ये एक रन गेला. तीन-दोन.

सातवी आणि शेवटची इनिंग. आमचा रन नाही. त्यांची पहिली मुलगी आउट. दुसरीला प्राचीने चार बॉल बाहेर टाकले. तिसरीने जमिनीलगत मारला आणि बेसवर पोचली. दोघी बेसवर, एक आउट. पाचव्या इनिंगसारख्याच पुन्हा दोन मुली बेसवर.

सॉफ्टबॉलमध्ये एक सोय आहे. सुरुवातीपासून खेळणाऱ्या मुलीला बाहेर काढलं तरी एकदा परत आत घेता येतं. हे मला माहीत होतं, शीतलला माहीत होतं, आणि मांडवातल्या कोणीतरी सरांनाही सांगितलं असावं. कारण तिथून आवाज आला, "मॅडम, शीतलला घ्या!"

मागोमाग पोरांनी ते उचललं. "शीतल! शीतल!" सगळं मैदान.

शीतल माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. ग्लोव्ह घातलेला. "मॅडम, दोनच आउट. दुखून नाई राहिलं आता. सच्ची."

"नॅपकिन पिळून दाखव."

तिने बादलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी माह्यं वाटोळं करून राहिल्या मॅडम."

मी अंपायरकडे गेले असते तर ती आत गेली असती, आणि बहुतेक आम्ही जिंकलोही असतो. मी हात पाठीमागे बांधून घेतले.

प्राचीने पुढच्या मुलीला स्ट्राइकआउट केलं. तिसरा स्ट्राइक तर फार सुंदर होता. दोन आउट. त्यांची शेवटची बॅटर पहिले दोन बॉल चुकली. तिसरा तिने लेफ्ट फील्डरच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मारला. बेसवरच्या दोघी होमला पोचल्या, दोन रन. चार-तीन. हरलो.

प्राची सर्कलमध्येच बसली. रोशनीने तिला ओढून उभं केलं. शीतलने ग्लोव्ह बाकाखाली ठेवला आणि हॉस्टेलकडे चालू लागली.

निवड समितीतल्या एकाने मला गाठलं. "तुमची ती ड्रॉपवाली आम्हाला हवी होती मॅडम. कॅम्प पुढच्या आठवड्यात आहे. फिट आहे ना?"

"नाही," मी म्हणाले. रोशनीचं नाव त्यांनी आधीच घेतलं होतं. शीतलचं खोडलं.

दुसऱ्या दिवशी तिला भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "यात काही दिसत नाही."

शीतलने माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"पण दाबल्यावर दुखतं तिथे," मी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, यात दिसत नाही. बारीक चीर असेल तर लगेच दिसत नाही. हात बांधून ठेवू. तीन आठवड्यांनी परत काढू."

ते तीन आठवडे कॉलेजात माझं फारसं कोणाशी बोलणं झालं नाही. स्टाफरूममध्ये फायनलचा विषय निघाला की चहा लवकर संपायचा. सरांनी एकदाच विचारलं, "मॅडम, एक्स-रे तर क्लिअर निघाला म्हणतात?" मी हो म्हणाले. शीतल वर्गात जाताना समोरून जायची, नमस्कार करायची, बोलायची नाही.

दुसऱ्या फिल्मवर हाडाच्या मध्यावर पांढरी गाठ दिसली. चीर पडली की शरीर तिथे नवीन हाड भरतं, ती गाठ. "खेळली असती तर चीर आरपार गेली असती का?" शीतलने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कदाचित." डॉक्टर एवढंच बोलतात. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, प्रॅक्टिस कधीपासून. माफी वगैरे कोणी मागितली नाही. मला बसची घाई होती.

पुढच्या वर्षी ती विद्यापीठाच्या टीममध्ये आली. फायनल आम्ही त्याही वर्षी हरलो, शीतलचा हात ठणठणीत असताना.

बदल एकच केला. मुलीला नियम सांगून भागत नाही, कारण नियम माझा असतो आणि बांधी तिच्या घरची असते. गावाला घरटी एक विळा हवा असतो, तो कोणाच्या हातात आहे याच्याशी गावाला देणंघेणं नसतं. म्हणून आता कापणीच्या दिवसांत पिचरच्या घरचा विळा आउटफिल्डच्या, म्हणजे लांब उभं राहून बॉल अडवणाऱ्या, मुली नेतात. आउटफिल्डरचा हात चार दिवस आखडला तरी माझं चालतं. सरांनी विचारलं, हा प्रवासखर्च कशात दाखवायचा? मी म्हणाले, कंडिशनिंग कॅम्प.

या बदलाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एकोडीला गेले होते. आमच्या मुली धान वाकडातिकडा कापत होत्या आणि गावच्या बाया हसत होत्या. शीतल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून पाण्याची कळशी सांभाळत होती. एक म्हातारी विळा थांबवून मला म्हणाली, "बाई, हे दुसऱ्याच्या पोरी राबून राहिल्या, अन घरची पोरगी काहून बसली? हात नाई का तिले?"

"हाय ना आजी," मी म्हणाले. "म्हणूनच बसली."