तीन मिनिटांचे काका

बोलणाऱ्या इंग्रजाला त्याच्याच गावात, भर सभेत गप्प बसवणारा आणि वर त्याच्याकडूनच 'थँक यू' वसूल करणारा माणूस उभ्या ब्रिटनमध्ये एकच झाला, आणि तो मूळचा नांदेडकडचा होता. वेल्सच्या सीमेला टेकलेल्या आमच्या या गावात माणसांपेक्षा मेंढ्या अधिक आणि मेंढ्यांपेक्षा पाऊस अधिक. इथल्या टाउन कौन्सिलच्या प्रत्येक जाहीर सभेत व्यासपीठाच्या डाव्या हाताला एक छोटं टेबल मांडलेलं असे. त्यावर वाळूचं घड्याळ, पितळी घंटी, बोलणाऱ्यांच्या नावांची यादी; आणि त्यामागे टाय बांधून, वर मफलर गुंडाळून ताठ बसलेले काका. प्रत्येकाला तीन मिनिटं. वाळूचा शेवटचा कण पडला की घंटी. तिचा आवाज मोठा नव्हता. गारठलेल्या काचेला नख लागावं तसा बारीक, नितळ. पण तो ऐकला की वाक्य जिथे असेल तिथे तुटे. रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलणारा खड्ड्यातच थांबे. एकदा सुगीच्या मेजवानीत चर्चच्या व्हिकरसाहेबांची प्रार्थना फार लांबली आणि काकांचा हात निव्वळ सवयीने घंटीवर गेला. देवाशी चाललेलं संभाषण अर्धवट सोडून व्हिकरसाहेब 'आमेन' म्हणून खाली बसले, आणि सूप गरम मिळाल्याबद्दल पुढे आठवडाभर लोक काकांना रस्त्यात थांबवून धन्यवाद देत होते.

मी लंडनजवळचं मेडनहेड सोडून इथल्या लायब्ररीत नोकरीला आले, तेव्हा या गावात मराठी बोलणारं दुसरं कोणी असेल अशी मला पुसटशीही आशा नव्हती. पहिल्याच आठवड्यात बिघडलेल्या प्रिंटरला मी हलक्या आवाजात शिव्या देत असताना काउंटरच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "जयभीम. त्याला मराठी कळत नसतंय बाई, मागचं झाकण उघडून बघा." तेव्हापासून ते माझे काका झाले. जिल्ह्याच्या इस्पितळात एक्स-रे काढण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती, त्यामुळे गावातली माणसं त्यांच्या लक्षात चेहऱ्याने नव्हे, हाडांनी राहिली होती. बाजारातून जाताना ते टोपी किंचित उचलून समोरच्याला अभिवादन करत आणि माझ्या कानाशी हळूच म्हणत, "डावं मनगट. बर्फावर घसरलेली." किंवा, "घोटा, दोन ठिकाणी. पोरगं गुणी आहे, हललं नाही अजिबात." पशुखाद्याच्या दुकानाचा धिप्पाड, लालबुंद मालक तर आम्हा दोघांत कायमचा 'उजवा खांदा' झाला. मेंढ्यांच्या खाद्याची पोती उचलून त्याचा तो खांदा पार झिजला होता, आणि काका दर भेटीत त्याला ओझं उचलू नकोस म्हणून बजावत. तो हसे आणि काकांच्या पाठीवर त्याच हाताने थाप मारे. "या गावाचं आतलं मी जितकं पाहिलंय," काका म्हणत, "तितकं त्यांच्या बायकांनीसुद्धा पाहिलेलं नाही."

त्यांच्या नियमांतला सगळ्यात जाचक नियम जेवणाचा होता. ज्याच्या हातात वाढप, त्याने शेवटी जेवायचं. बुद्धपौर्णिमेला ते लांबलांबच्या शहरांतून आलेल्या पाहुण्यांना घरी जेवू घालत. वेलचीने दरवळणारी खीर, तिखटजाळ वरण, मऊ भाकऱ्यांची चळत. आमची बोटं चाटूनपुसून झाली, भांडी विसळायला गेली, तरी यांचं ताट रिकामंच. काकू होत्या तोवर त्या चिडून म्हणायच्या, "यांना खीर कशी झाली ते कधी कळायचंच नाही. यांच्यापर्यंत ती पोचतच नाही." काकूंच्या शोकसभेतही काका टेबलामागेच बसले, आणि स्वतः बोलायला उठले तेव्हा वाळूचं घड्याळ त्यांनी आपल्या हाताने उलटं केलं. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीविषयी, दोघांत मिळून असलेल्या एकाच ओव्हरकोटाविषयी ते सांगत होते. वाळू संपली तेव्हा वाक्य संपलेलं नव्हतं. ते खाली बसले. त्या कोटाचं पुढे काय झालं, हे आम्हा कोणालाच कळलं नाही.

मग तो नोव्हेंबर आला. टेकडीवरचं जुनं हॉटेल बंद पडून बराच काळ लोटला होता. त्याच्या खिडक्यांतून ओल आणि कबुतरं राहत होती. तिथे परदेशातून आसरा मागायला आलेली काही कुटुंबं ठेवायचा सरकारचा विचार आहे, अशी बातमी आली आणि गावाचा आवाज बदलला. बेकरीच्या काचेवर हरवलेल्या मांजराच्या चित्राशेजारी विरोधाचा अर्ज लागला. चर्चच्या फळ्यावर स्वागताचा. डॉक्टरची अपॉइंटमेंट आताच मिळत नाही, शाळेची बस आताच भरलेली असते, संध्याकाळी कुत्रं घेऊन एकटीने बाहेर पडायचं कसं, असे प्रश्न पावसाच्या पाण्यासारखे दारांच्या फटींतून आत येऊ लागले. त्यांतले काही खरेही होते. आणि बोलणारा प्रत्येक जण काका दिसले की थबके, त्यांच्या बाहीला प्रेमाने हात लावे आणि म्हणे, "हे तुमच्याबद्दल नाही हं." काका मान हलवत. घरी आले की मफलर काढायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागे.

कौन्सिलने ठरवलं, की जाहीर सभा घ्यायची, लोकांचं ऐकायचं आणि लगेच हात वर करून निकाल लावायचा: गाव या कुटुंबांना होकार देणार की हरकत घेणार. सभेच्या आदल्या दुपारी मी काकांकडे गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात एका कागदावर लिहीत बसले होते, आणि समोरचा चहा साय धरून गार झाला होता.

"मी बोलणार आहे उद्या," ते म्हणाले.

इतकी वर्षं इतरांच्या बोलण्यावर पहारा देणारा हा माणूस कौन्सिलच्या सभेत स्वतः कधी बोलला नव्हता. मी खुर्ची ओढून बसले.

"आमच्या गावात नळ आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या वस्तीने त्या नळावर पाणी भरायचं का नाही, याची सभा शाळेत होती. माझा बाप बाहेर लिंबाखाली उभा. मी त्याचं बोट धरून. आतून आवाज यायचा, शब्द समजायचे नाहीत. दोन तासांनी एक जण बाहेर आला आणि म्हणाला, नाही. बाप घरी आला. आत कोण काय बोललं, आपल्या बाजूनं कोणी एक शब्द तरी बोललं का, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्या माणसांना कोण सभेला बोलावणार आहे? ती कुठंतरी बाहेर उभी असणार. मी आत आहे या वेळी. तेवढं सांगायचंय."

"आणि ऐकलं नाही तर?"

"निकाल काय लागायचा तो लागो. पण यांनी माझं ऐकून घेतलं, तर माझी राख इथंच, तुझ्या काकूपाशी. नाही ऐकलं, तर पोरगी एडिनबराहून बोलावतेच आहे." ते कपाकडे पाहून म्हणाले, "चहा गार झाला वाटतं."

मी सभेत बोलायला नाव दिलं नाही. काका बोलणार होते. त्यानंतर माझ्या बोलण्याला काय अर्थ उरणार होता? इतर काही भल्या माणसांनीही असाच विचार केला असावा.

सभागृहात ओल्या कोटांचा, फ्लोअर पॉलिशचा आणि फार वेळ उकळलेल्या चहाचा वास कोंदला होता. साडेआठनंतर सभागृह बॅडमिंटन क्लबला दिलेलं होतं, तेव्हा त्याआधी सगळं उरकणं भाग होतं. काका दाराशी यादी घेऊन उभे राहिले. मी आत शिरले तेव्हा त्यांचं नाव सातवं होतं. मग उशिरा येणाऱ्यांची रीघ लागली, आणि प्रत्येकासाठी काका आपलं नाव खोडत, त्या जागी आलेल्याचं लिहीत आणि त्याखाली पुन्हा स्वतःचं. मी दुरून पाहत होते. मला वाटलं, मोजून करत असतील. वेळेच्या बाबतीत काकांचं चुकेल असं कोणाच्या मनात यावं?

उजवा खांदा पहिला बोलला, आणि वाईट बोलला असं मला म्हणता येणार नाही. तो घाबरलेला होता आणि त्याने भीतीलाच व्यवहाराचे कपडे घातले होते. घंटी झाली, तो थांबला. मग दुसरा, तिसरा. टाळ्या, हरकती, खाकरणं. त्या सगळ्यात घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला. एक निवृत्त शिक्षिका उठली. त्या मुलांना मी शिकवीन, माझ्याकडे वेळच वेळ आहे, असं ती म्हणत होती, आणि तिचा वेळ संपला. काकांनी घंटी वाजवली. ती शहाण्या मुलीसारखी खाली बसली. यादीत तीन नावं उरली असताना दार किलकिलं झालं आणि पांढऱ्या बुटांतली माणसं रॅकेट आणि गुंडाळलेली जाळी घेऊन भिंतीशी उभी राहिली.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग काकांकडे वळून, खरोखरच मायेने, त्या म्हणाल्या, "यादीत शेवटी तुमचंही नाव दिसतंय. तुमच्यासाठी आपण थोडा वेळ नक्कीच काढू."

कोणीतरी दुजोरा म्हणून "हिअर, हिअर" म्हणालंसुद्धा; मला वाटतं तो उजवा खांदाच होता. काकांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. त्यांनी त्या शिक्षिकेकडे पाहिलं, आपल्या आधीच्या, बोलायचं राहिलेल्या दोन माणसांकडे पाहिलं, जाळी घेऊन अवघडलेल्या मंडळींकडे पाहिलं.

"वेळ संपली आहे, मॅडम," ते म्हणाले.

हात वर झाले. हरकतीच्या बाजूचे अधिक होते. मग खुर्च्या रचल्या गेल्या आणि त्या जागी जाळी ताणली गेली.

परतताना पाऊस नव्हता, पण धुक्याने चेहरे ओले होत होते. मी चिडले होते आणि राग कोणावर काढावा हे न कळल्याने तो त्यांच्यावरच काढला.

"स्वतःचं नाव शेवटी कशाला नेलंत?"

"कामून चिडायलीस? यादी माझ्या हातात होती. वाढणारा आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतो काय?"

"ते जेवण नव्हतं, काका."

कुंपणापलीकडे मेंढ्या खोकत होत्या, माणसांसारख्या.

"नव्हतं," ते म्हणाले. "नववा माणूस बोलायला उठला तेव्हा कळलं मला ते. पण तोवर मी त्या मास्तरीणबाईला बसवलं होतं."

"अध्यक्षबाई तर ऐकायला तयार होत्या. सगळेच होते."

"माझं ऐकायला तयार होते." मग माझ्याकडे न बघता, "तुझं नाव नव्हतं यादीत."

त्यात आरोप नव्हता. तपासणीच्या खोलीतून बाहेर येऊन, कुठे मोडलंय ते रुग्णाला सांगावं, इतक्याच आवाजात ते बोलले. पुढच्या वळणावर त्यांनीच विषय बदलून माझ्या खोकल्याला ज्येष्ठमध सुचवलं.

ती कुटुंबं आली नाहीत. हॉटेलच्या खिडक्यांना आता फळ्या ठोकल्या आहेत. फेब्रुवारीत काकांची मुलगी गाडी घेऊन आली, आणि त्या सकाळी त्यांच्या दाराशी अख्खं गाव लोटलं. अध्यक्षबाईंनी लिंबाचा केक आणला. उजव्या खांद्याने कोणाचं न ऐकता पुस्तकांची सगळी खोकी एकट्याने खाली आणली. शेवटचं खोकं ठेवताना त्याच्या कपाळावर कळ उमटली, ती काकांनी टिपली आणि त्याला रागावले. "आता आम्हाला गप्प कोण करणार?" असं म्हणत तो लहान मुलासारखा रडला. काकांनी त्याला जवळ घेतलं, दुखऱ्या बाजूने नव्हे, दुसऱ्या. मला ते एवढंच म्हणाले, "चांगली माणसं आहेत गं. वाईट असती तर मी राहिलो असतो, भांडायला."

ते म्हातारपणामुळे गाव सोडून गेले, एकटेपणामुळे गेले, मुलीच्या ओढीने गेले, असं गाव समजून चाललं आहे. पक्ष्यांचे दाणे घ्यायला मी उजव्या खांद्याच्या दुकानात जाते. धान्याच्या कोंड्याचा, तागाचा, ओल्या लोकरीचा तो उबदार वास नाकात भरतो, आणि पिशवी बांधता बांधता तो मोठा माणूस दर वेळी विचारतो, "काय म्हणतात ते? आमची आठवण काढतात का?"

"खूप," मी म्हणते. ते खरंच आहे. दर रविवारी फोनवर काका एकेकाची चौकशी करतात, मनगटांची, घोट्यांची, आणि त्याच्या खांद्याची सगळ्यात आधी. त्याचा चेहरा उजळतो. तो उजळलेला चेहरा पाहिला की, काका खरं कशामुळे गेले हे सांगणारं पुढचं वाक्य माझ्या ओठांशी येऊन थांबतं. मी पिशवी उचलते आणि त्याने माझ्यासाठी धरून ठेवलेल्या दारातून बाहेर पडते.