जेबेझ थर्लोची शनिवारची नोटीस

जेबेझ थर्लोने आयुष्यभर इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या शेतांची कुंपणं छाटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा गावच्या पंचांनी उदार मनाने त्याला आणि बायको केझायाला गरीबगृहात घेतलं. घरबसल्या दोन पाव दिले असते तर म्हणे दोघं आळशी झाले असते! इथे मात्र नवरा पुरुषांच्या भागात जुने दोर उसवणार, बायको पलीकडे कपडे धुणार, आणि मधे नऊ फुटी भिंत. साठी उलटलेल्या जोडप्यांना एकत्र खोली मिळे. यांनी म्हातारं व्हायलाही उशीरच केला.

लग्नानंतर छत्तीस वर्षं कान किटले म्हणणाऱ्या जेबेझला केझायाचा आवाज ऐकल्याशिवाय करमेना. अक्षरशत्रू असला तरी एक नियम त्याने पक्का धरून ठेवला होता: नवऱ्याने बाहेर पडायची नोटीस दिली की बायकोलाही सोडावंच लागतं. मग दर शनिवारी सकाळी दोघं गरीबगृहाचे कपडे उतरवून आपापले चढवत, बाहेर पडत, समोरच्या चर्चच्या कट्ट्यावर बसत आणि दिवसभर भांडत.

"खुराड्याचं दार तूच उघडं ठेवलंस."

"अहो, बारा वर्षं झाली त्याला! आणि कोल्हा काय मला विचारून आला होता?"

संध्याकाळी स्वारी पुन्हा फाटकाशी हजर. पुन्हा अर्ज, पुन्हा आंघोळ, पुन्हा कपड्यांना धुरी. व्यवस्थापक पिनॉकसाहेबांच्या नाकी नऊ आले. त्यांनी पंचांकडे गाऱ्हाणं नेलं. पंचांनी तीन तास खल केला, मधे भाजलेलं मटण हाणलं आणि ठराव ठोकला.

त्या शनिवारी संध्याकाळी पिनॉकसाहेबांनी तो फाटकातच वाचून दाखवला.

"थर्लो, चैन संपली. यापुढे बाहेर पडायचं तर सात दिवस आधी नोटीस द्यायची. मोजून सात!"

केझायाचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याची बाही घट्ट धरली. जेबेझने बोटं मोजली. खात्रीसाठी पुन्हा मोजली.

"आज शनिवारच ना, साहेब?"

"मग?"

"मग लिहून घ्या. पुढच्या शनिवारी. आम्ही दोघं."

पिनॉकसाहेबांनी ठराव उलटून पाहिला, सुलटून पाहिला. खाली पाच शहाण्यांच्या सह्या होत्या. त्यांनी दौत ओढली आणि नोटीस लिहून घेतली.

केझाया बायकांच्या दाराकडे निघाली, तिथूनच वळून ओरडली, "आणि दार तुम्हीच उघडं ठेवलं होतं!"

"शनिवारी बघतो तुला," जेबेझ म्हणाला.