मुकी खेप

मी लिहायला बसावं हेच मुळात धाडस आहे, वाचकांनी क्षमा करावी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील अंगठा करत. नोकरीत पंचनामे आणि जबाब पुष्कळ लिहिले, पण त्यात माणसाला काय वाटलं ते लिहायचं नसतं. त्यामुळे हे नीट जमेल की नाही, खात्री नाही. नावं कोणाचीच घेत नाही. मात्र ती दुपार इतक्या वर्षांनंतरही मनातून गेलेली नाही, एवढं खरं.

साठचं दशक सरत आलं होतं. भाईंदरच्या बाजूला मी फौजदार म्हणून नवा होतो. मुर्धा-राईकडची मिठागरं तेव्हा जोरात चालत. मिठाच्या राशींपासून स्टेशनच्या मालधक्क्यापर्यंत ट्रक दिवसभर ये-जा करत. रस्ता थोडकाच. दोन्ही बाजूंना पाणी आणि मीठ, उन्हात सगळं पांढरं. मधे एका वळणावर ख्रिस्ती लोकांचा जुना कुरुस, म्हणजे चौथऱ्यावरचा क्रूस, होता. बाकी नजर ठरावी असं काही नव्हतं.

भर दुपारी ठाण्यात खबर आली की कुरसाच्या पुढे रस्त्यावर एक बाई मरून पडली आहे. मिठागरावर टोपल्या वाहणारी मजूर होती. नवऱ्यासाठी पाणी घेऊन निघाली होती. शेजारी कळशी चेपून पडलेली. अंगावरून ट्रक गेला होता आणि थांबला नव्हता. पंचनामा केला, प्रेत पाठवलं आणि मालधक्क्यावर जाऊन उभ्या असलेल्या गाड्या तपासल्या. एका ट्रकच्या मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत तिच्या हिरव्या लुगड्याची चिंधी अडकली होती. ड्रायव्हर बाजूलाच चहा पीत होता. चिंधीकडे पाहून तो म्हणाला, "हे कुठनं आलं?"

हा माणूस रत्नागिरीकडचा, पस्तिशीचा. दारूचा वास नाही, पूर्वीचा गुन्हा नाही. त्याला ताब्यात घेतलं.

संध्याकाळी आमचे हवालदार धक्क्यावरच्या चहावाल्याकडून बातमी घेऊन आले. वयाने ते माझ्या वडिलांएवढे, आवाज खणखणीत.

"साहेब, ड्रायव्हर लोक कुजबुजतायत. त्याची ती खेप मुकी होती म्हणे."

"मुकी म्हणजे?"

"म्हणजे काय साहेब, तोंड बंद ठेवायची! उत्तनच्या किनाऱ्याला काय काय उतरतंय ते आपल्याला माहीतच आहे. मिठाखाली पेटी असली की कोण थांबतोय?"

मला ते पटलं. त्यात आणखी एक जबाब आला. डोंगरीहून भाजी घेऊन बाजाराला येणारी एक म्हातारी बाई कुरसाच्या पायरीवर टेकली होती. वळणाआड काय झालं ते तिने पाहिलं नव्हतं, पण हॉर्न ऐकला होता. "वाजला ना. मोठ्यान वाजला," ती म्हणाली. हॉर्न वाजला म्हणजे ड्रायव्हर जागा होता. जागा होता म्हणजे बाई त्याला दिसली. दिसूनही तो अंगावरून गेला, कारण गाडीत चोरीचा माल होता. असं असेल तर हा नुसता हयगयीचा गुन्हा राहत नव्हता. त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य तुरुंगात गेलं असतं.

मी चौकशीला बसलो.

"हॉर्न वाजवलास?"

"वाजवलाच असणार साहेब. तिथं सगळेच वाजवतात."

"म्हणजे जागा होतास."

"गाडी चालवत होतो म्हणजे जागाच म्हणायचा."

"आणि बाई दिसली नाही?"

"नाय दिसली."

"मिठाखाली काय होतं?"

"मीठ."

हवालदारांनी टेबलावर हात आपटला. "मस्करी करतोस? मुकी खेप कशाला म्हणतात ते सांग साहेबांना!"

तो दचकला नाही. उलट हे विचारल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं.

"मुकी म्हणजे चोरीची नाय हो, हवालदार. जी मारली पण आठवत नाय, ती मुकी. गाडी धक्क्याला लागते आणि आपण इथं कधी पोचलो तेच समजत नाय. मधला रस्ता गेलाच नाय असं वाटतं. सगळ्यांना होतं. लाजेपायी कोण सांगत नाय. ती खेप मुकी होती साहेब. मी लय आठवून बघितलं. नाय आठवत."

मग तो आपणहून बोलत गेला. पूर्वी गाडीवर क्लीनर असे. दोघं दिवसभर भांडत आणि त्यात जाग राही. पुढे मालक म्हणाला, एवढ्याशा रस्त्याला क्लीनर कशाला? एकटा झाल्यावर त्याने हिरवी मिरची चावून पाहिली. काही दिवसांनी जीभच मेली. ओलं फडकं मानेवर टाकलं. मोठमोठ्याने भजनं म्हटली, तर भजन तोंडाने चालू आणि मन कुठे भलतीकडेच. शेवटी सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून ठरवलं की कुरसाशी आलं की जोरात हॉर्न द्यायचा. देवाला नमस्कारही होतो आणि आपण जागे आहोत हेही कळतं.

"हॉर्न दिला की सुस्ती जायची," तो म्हणाला. "पहिले पहिले जायची."

माझा विश्वास बसला नाही. गुन्हेगार काय काय रचतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये जाऊन बसलो. हा भलताच गप्पिष्ट निघाला.

"बसा साहेब, पण कपडे सांभाळा. घरी वहिनी हेच पिळतील आणि आमटीत घालतील. मीठ वाचेल!"

पहिल्या खेपेला तो असा बोलत होता. दुसऱ्या खेपेला कमी बोलला. पुढे दोघंही गप्प झालो. इंजिनचा एकसुरी घरघराट, समोर तोच पांढरा रस्ता. आपण कशासाठी बसलो आहोत हे मला स्वतःला आठवावं लागत होतं. कुरुस आला. ड्रायव्हरचा हात उचलला गेला आणि हॉर्न घुमला. वळण मागे पडल्यावर मी विचारलं, "हॉर्न का वाजवलास?"

"मी? कधी?"

"आत्ता. कुरसाशी."

त्याने मान वळवून मागे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"कुरुस गेला?"

गाडी थांबवायला सांगून मी खाली उतरलो. म्हातारी भाजीवाली पायरीवर होती. मी तिला विचारलं, "मावशी, हॉर्न वाजला की तुम्ही बाजूला होता का?"

"कशाला व्हायचा? तो माणसाला न्हाय वाजवत बाबा, कुरसाला वाजवतो. त्याला कोन बी हलत न्हाय."

म्हणजे ती मजूर बाईही हलली नव्हती. जाग यावी म्हणून ठरवलेल्या हॉर्नने ड्रायव्हर जागा झाला नाही आणि बाई सावध झाली नाही.

ताब्यातल्या ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये चोरीचं काही सापडलं नाही. हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. वकिलाने सांगितलं होतं, गुन्हा नाकबूल कर. हा कोर्टात उभा राहून म्हणाला, "मी केला नाय असं मला सांगता येत नाय." शिक्षा झाली.

पण माझ्या मनात राहिला तो मेलेल्या बाईचा नवरा. तपास चालू असताना तो ठाण्यात येऊन बाकावर बसे. नुकसानभरपाईबद्दल कधी बोलला नाही. त्याचा एकच प्रश्न होता.

"सायेब, ती वरडली का? लगेच गेली, का तळमळली? तिथं एकच मानूस व्हता. त्याला इचारा की."

आत कोठडीत ड्रायव्हरला हे ऐकू जाई. एकदा तो गजांना धरून ओरडला, "अरे बाबा, मी तिथं असतो तर सांगितलं असतं रे!" नवऱ्याला ते कळलं नाही. त्याला वाटलं, हा लपवतोय. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येऊन बसला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? माणूस जागा आहे की नाही हे त्याच्या हातांवरून ठरवू नये. हात सगळं बरोबर करत असतात. पुढे गस्तीवरचा शिपाई "सब ठीक आहे" म्हणाला की मी विचारत असे, शेवटी कोण दिसलं ते सांग. पुष्कळांना सांगता येत नसे. त्यांना शिक्षा करूनही काही होत नाही, हेही मी पाहिलं. तेच तेच काम माणसाला आतून पुसत जातं आणि त्यावर काढलेला प्रत्येक उपायही थोड्या दिवसांनी त्याच कामाचा भाग होऊन बसतो. यावर खात्रीचा उपाय मला सापडला असता तर इथे लिहिला असता. सापडला नाही.

माझी बदली झाली. काही वर्षांनी निवृत्त हवालदार ठाण्याच्या कोर्टाबाहेर भेटले. मी ड्रायव्हरची चौकशी केली.

"सुटल्यावर तो आधी मिठागरावर गेला, साहेब. त्या नवऱ्यापुढे बसला आणि म्हणाला, मला आठवलं. तुझी बायको ओरडली नाही. मागे वळली, एक हात वर केला आणि क्षणात गेली. तळमळली नाही. नवरा खूप रडला, पण शांत झाला. नंतर कधी ठाण्यात आला नाही."

"खरंच आठवलं होतं त्याला?"

"छे! मला म्हणाला, तो माणूस विचारत होता, काहीतरी द्यायला नको का? पण पुढे बिघडलं. दिवसरात्र तेच बोलायचा. म्हणायचा, हवालदार, तिने हात वर केलेला मी बघितलाय. मी सांगितलं, अरे, तूच रचलंस ते! तर मला म्हणतो, नाय हो, बघितलाय मी. मग मी ब्रेक का नाय मारला?"

"आता कुठे असतो?"

"गावाला गेला होता, साहेब," हवालदार म्हणाले. "तिथे त्याने जीव दिला."