तुमच्यासारख्यांबद्दल नाही

माझा थोरला भाऊ अमेरिकेत वीस वर्षं आहे, आता तिथला सिटिझन. गेल्या काही वर्षांत तो तिथल्या उजव्या पक्षाचा कार्यकर्ताच झाला होता. त्यांची टोपी घालायचा, घरोघरी पत्रकं वाटायचा. मागच्या हिवाळ्यात तो पाच दिवस शारजाला माझ्याकडे आला, तेव्हा शेजारच्या आपांनी आम्हा सगळ्यांना शनिवारी जेवायला बोलावलं.

आपा रत्नागिरीकडच्या, कोकणी मुसलमान. आम्ही दोघी दुबईत जबल अलीला नोकरी करतो आणि रोज त्यांच्या गाडीतून जातो. ट्रॅफिकमध्ये जाता-येता तीन तास सहज मोडतात. एवढा वेळ तर मी नवऱ्याशीही बोलत नाही.

जेवताना आपांच्या मिस्टरांनी सहज विचारलं, "काय म्हणते अमेरिका?"

दादा खुलला. म्हणाला, "आता कुठे ताळ्यावर येतेय. मुसलमानांना येऊच द्यायचं नाही म्हणतात, त्यात चूक काय? जातील तिथे आपलंच चालवायला बघतात." मग आपांच्या मिस्टरांकडे बघून हसून म्हणाला, "तुमच्यासारख्यांबद्दल नाही हं म्हणत मी."

आपांनी त्याच्या ताटात आणखी एक तांदळाची भाकरी वाढली. मी मान खाली घालून माशाचे काटे काढत राहिले. माझी नऊ वर्षांची लेक मात्र मोठ्याने म्हणाली, "मामा, दॅट्स नॉट नाइस."

"गप्प बस. मोठ्यांच्यात बोलू नये," मी तिला दटावलं.

दादा परत गेला. आपा दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारख्याच बोलत होत्या, म्हणून मीही विषय काढला नाही. विसरल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

यंदा एका रविवारी दुपारी दादाचा फोन आला. आवाज ओळखू येईना. त्यांच्या गावात देवळाला पार्किंगसाठी जागा हवी होती, त्यावर नगरपालिकेची सभा होती. एका माणसाने माइक घेऊन देवाच्या मूर्तींना सैतान म्हटलं आणि सगळ्या इंडियन लोकांना परत पाठवा म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्यासाठी दादाने उन्हातान्हात पत्रकं वाटली, तो उमेदवारही टाळ्या वाजवत होता.

"मी उठून सांगितलं गं, आम्ही तसले नाही. आम्ही मुसलमान नाही," दादा म्हणाला. "तर लोक हसले."

मला त्याची कीव आली आणि रागही. आम्हा आखातातल्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की व्हिसा संपला की निघायचं. हा देश आपला, असं आम्हाला कुणी सांगतच नाही. दादाला तिथे तसं सांगितलं होतं, आणि त्याने विश्वास ठेवला होता.

"दादा, तसले म्हणजे कसले?" मी विचारलं. "ज्यांच्याकडे जेवलास, ते?"

"तूसुद्धा आता मलाच ऐकव," म्हणून त्याने फोन ठेवला.

सोमवारी गाडीत मी आपांना सगळं सांगितलं. त्या दिवसाबद्दल माफीही मागितली. पुढे लाल दिव्यांची रांग लागली होती. आपांनी गाडी हळू केली.

"तुझ्या भावाचं मला एवढं लागलं नाही," मग त्या म्हणाल्या. "तो चार दिवसांचा पाहुणा. तू पोरीला गप्प केलंस, ते लागलं."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनीच विचारलं, "त्याच्या पोरांना शाळेत कुणी काही बोलत नाही ना?" मला ठाऊक नव्हतं. ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी लेकीला म्हटलं, "त्या दिवशी तू मामाला बोललीस ते बरोबर होतं. माझं चुकलं."

"ओके. कॅन यू टेल आपा टू?" ती म्हणाली.

"सांगितलं," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी वहिनीशी बोलणं झालं. दादाने अंगणातली पक्षाची पाटी काढली होती. पण देवळातल्या लोकांना घेऊन तो त्याच उमेदवाराला भेटायला जाणार होता, आपण वेगळे कसे ते समजावून सांगायला. मुलांना शाळेत कुणी काही बोलतं का, ते मी तिला विचारलं. धाकटा हल्ली घरचा डबा नेत नाही, म्हणाली.