न्हाणीमागचं अळू

पाऊस नसताना कल्पनाचा फोन कधी यायचा नाही. बाकीच्या दिवसांत फोन करायचा तो मीच. त्यामुळे मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी स्क्रीनवर तिचं नाव दिसलं तेव्हा मी हसतच म्हटलं, "अगं, आभाळात एक ढग नाही..." पलीकडे तिचा नवरा होता. "सुमनताई, कल्पना गेली. सकाळी, झोपेतच." आणखीही काही तो बोलला. मी नुसतं हो हो म्हणत राहिले.

भोईवाड्यातल्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. ती नगररचना शिकली, लग्न होऊन गिरगावात गेली. मी शाळेत शिकवलं आणि इथेच राहिले, एकटी. चाळीच्या जागी इमारत आली, अंगण काँक्रीटने लिंपलं गेलं आणि पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरायला लागलं. तेव्हा मीच तिला सोसायटीच्या सभेत बोलावलं. कोपऱ्यातलं काँक्रीट फोडायचं, तिथे खोलगट जागा करायची, खाली दगड नि वाळू, वर माती, ओल सोसणारी झाडं, आणि गच्चीचं पाणी तिथे आणून जमिनीत मुरू द्यायचं, असा तिचा बेत होता. पण ती "निसर्गाधारित उपाययोजना" म्हणाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू ही ब्याद मी घरात आणली होती. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या राणेकाकू मालवणीत म्हणाल्या, "ह्यां तर आमच्या न्हाणयेमागलां आळू. पाणी थंयच जिरता. तेका इतक्यां कित्याक?" न्हाणीचं सांडपाणी अळवात सोडतात तसंच हे, एवढं मग सगळ्यांना कळलं. कल्पनाने तो जड शब्द आमच्या इमारतीत पुन्हा काढला नाही. खड्ड्यात कर्दळ लावली, अळू लावलं. गाड्यांचं तेल वाहून इथे उतरतं, पानं खायची नाहीत, असा तिचा दम होता. काकूंनी तरी एकदा फदफदं केलंच.

सेक्रेटरी मात्र डासांवर अडून बसले. "पाणी एका दिवसात मुरलं नाही तर मी फरशी घालणार." कल्पना हो म्हणाली. माझ्या वडिलांची, दादांची, जुनी छत्री तिने मागून घेतली, कापड नि काड्या काढून टाकल्या, पाण्याच्या खुणेसाठी दांड्याला लाल पट्टी चिकटवली आणि तो खड्ड्यात रोवला. "तू गॅलरीतून बघायचं आणि मला सांगायचं." मग पाऊस झोडपायला लागला की गिरगावातून फोन. "उतरलं का गं?" "अगं, अजून पडतोय." "बरं, मग करते." मग पाणी राहायचं बाजूला आणि आम्ही गुडघेदुखीवर यायचो, भाजीच्या भावावर यायचो. दोन-तीन पावसाळ्यांत खड्ड्याची परीक्षा झाली, सेक्रेटरीही विसरले. फोन येतच राहिला. पाणी हे निमित्त होतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

ती गेल्यावर झालेल्या पहिल्याच सभेत पार्किंगचा विषय निघाला. खड्डा बुजवला तर दोन गाड्या राहतील. "आणि मॅडम तर आता नाहीत. बघणार कोण?" सेक्रेटरी म्हणाले. सभेत तोंड न उघडणारी मी उभी राहिले. "मी बघेन," एवढंच म्हटलं. हा पावसाळा बघू, मग ठरवू, असं ठरलं.

परवा तो पाऊस आला. रात्रभर कोसळला. सकाळी लाल पट्टी पाण्याखाली होती. मी दिवसभर गॅलरीत आत-बाहेर करत राहिले, जेवणातही लक्ष नव्हतं. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः खाली उतरले. खड्ड्यात नुसता चिखल होता, अळवाची पानं त्यात आडवी पडली होती. त्यांनी वर बघितलं. "उतरलं की हो, बाई. राहू दे तुमचं अळू. मॅडमना कळवा..."

बोलून गेले, मग भानावर आले. मान खाली घालून आत निघून गेले.

मी फोन हातात घेतला होता. तो तसाच धरून उभी राहिले. खाली दादांच्या छत्रीचा दांडा पट्टीच्याही वरपर्यंत ओला होता, आणि "उतरलं का गं?" असं विचारणारं आता मला कुणी नाही.