महनूरचे पेढे

चांदबीनं गादी भरली नाही असं घर आमच्या जळगाव जामोदात सापडाचं नाही. लग्न होऊन उत्तर प्रदेशातून आली तवा तिले मराठीचा एक शब्द येत नव्हता. नवरा सईद कापूस पिंजे, ही गाद्या शिवे. दोघंही अंगठेबहाद्दर. त्यायचा अकील मातर इथल्या मराठी शाळेत शिकला अन् दहावीले शाळेत पयला आला. आता बँकेत साहेब हाय. मी अंबूबाई, त्यायच्या भिंतीले भिंत लागून राह्यते, म्हून सारं ऐकू येते.

अन् ऐकून ऐकून माह्यं डोस्कं उठलं हाय. अकीलची पोट्टी महनूर यंदा दहावीले होती. सालभर अकीलची एकच रट, "माह्या बापाले सही येत नव्हती, तरी मी पयला आलो. तुले तं खोली हाय, शिकवन्या हायेत, कूलर हाय." अरे बाबा, कूलर काय गणित सोडवते? पोट्टी जेवाले बसली तरी हेच. तिचं हासनंच गेलं.

निकाल लागला. अठ्ठावन टक्के. अकीलनं फोन पालथा ठेवला अन् घरात बजावलं, "पेढे-बिढे काही नाही. मले बँकेत तोंड दाखवाचं हाय." महनूरनं खोलीची कडी आतून लावून घेतली. जेवली नाही, हाक मारली तं ओ देईना. दुपारी मले राहवलं नाही. पास झालेल्या लेकराच्या घरी सुतक पाळता काऊन, हे विचारालेच मी तावातावानं गेली.

पाह्यते तं चांदबी पेढ्याचा डबा घेऊन निघू राह्यली होती, अन् अकील दारात आडवा.

"अम्मी, अठ्ठावनचे पेढे कोनी वाटते का? लोक हासतीन. मी पयला आलो तवाची गोष्ट येगळी होती."

"काय येगळी होती?" चांदबी म्हने. "तू पयला आला हे मले कुठं ठाऊक होतं? तुह्ये अब्बा म्हनले पास झाला, तं मी गूळ वाटून आली. नंबराचं मागून गुरुजींनं सांगतलं. तवर आमची खुशी होऊन गेली होती."

अकील दारातून बाजूले झाला. मंग खोलीपाशी गेला अन् दार वाजवलं.

"बेटा," म्हने, "पास झाली तू."

आतून रडनं ऐकू आलं. निकाल लागल्यापासून पोट्टीचा आवाज पहिल्यांदाच कानी पडला, तवा कुठं माह्या जीवात जीव आला.